सातवी ब चा कालवा आणि माझा बसलेला घसा

खडूची धूळ | शनिवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. नाशिकला सिडकोतल्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. नोकरीचं तिसरं वर्ष, आणि यंदा पहिल्यांदाच वर्गशिक्षिका झाले. सातवी ब. पटावर ५८, हजर साधारण पन्नास-बावन्न. एका बाकावर तिघं. खाली शहाबादी फरशी, भिंती उघड्या, खिडक्या थेट रस्त्यावर.

मुलं वाईट नाहीत, हे आधीच सांगते. एकाचा डबा घरी राहिला तर चौघं आपला डबा पुढे करतात. पण मधल्या सुट्टीनंतरचा पाचवा तास माझा असतो आणि मी दारात पोचते तेव्हा आत बाजार भरलेला असतो. मी "शांत बसा" म्हणून ओरडते, दोन मिनिटं गप्प, तिसऱ्या मिनिटाला पुन्हा तेच. टाचणात जे काढलेलं असतं त्यातलं निम्मंही होत नाही.

काल शुक्रवारी माझा आवाजच फुटेना. तेवढ्यात शेजारच्या वर्गावरच्या बाई दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. एक शब्द नाही. अख्खा वर्ग गप्प. त्या निघून गेल्या आणि मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहीत राहिले, कारण डोळे भरले होते.

दोन प्रश्न विचारायचे आहेत. हा गोंगाट आवरायचा कसा? आणि ज्यांनी वीस-तीस वर्षं हे काम केलं, त्यांना त्यात खरंच आनंद मिळाला का? दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा जास्त छळतो आहे.

---

गोदाकाठची | शनिवार, रात्री १०.०५

५८? शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला एका शिक्षकामागे ३५ मुलं धरली आहेत. आधी हे स्वतःला सांगा. तुमच्यात काही कमी आहे म्हणून आवाज बसला नाही, तेवीस मुलं जास्त आहेत म्हणून बसला.

---

निवृत्त गुरुजी | शनिवार, रात्री १०.४०

ताई, चौतीस वर्षं शिकवलं, त्यातली एकवीस नाशिकरोडला. पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर सोपं आहे. वर्गात जाताना हातात काम घेऊन जा. मधल्या सुट्टीतून आलेलं पोर पळून आलेलं असतं, अंगात रक्त उसळत असतं. त्याला तुम्ही "गप्प बस" म्हणता म्हणजे काय कर म्हणता? काहीच करू नको म्हणता. ते त्याला जमत नाही.

मी सुट्टी संपायच्या आधी पाच मिनिटं जाऊन फळ्यावर काहीतरी लिहून ठेवायचो. एखादं कोडं, एखादा चुकीचा लिहिलेला परिच्छेद, "यातल्या सात चुका शोधा" असं. पोरं आत आली की आधी फळ्याकडे बघायची. मी दारात उभा राहून एकेकाला नावानं हाक मारत आत सोडायचो. पहिली तीन मिनिटं सांभाळली की पुढची तीस आपोआप सांभाळली जातात.

बाकी खरं सांगायचं तर आमच्या वेळी पट्टी होती. धाक होता. त्यानंही बरंच काम व्हायचं.

---

लिंबाची सावली | शनिवार, रात्री ११.१५

गुरुजी, फळ्यावरच्या कोड्याला शंभर टक्के अनुमोदन. पट्टीबद्दल मात्र नाही. चौथीत असताना शेजारणीला खोडरबर मागितला म्हणून मला हातावर पट्टी बसली होती. तो तास कशाचा होता, बाई काय शिकवत होत्या, काही आठवत नाही. पट्टीची धार आठवते, आणि सगळ्यांच्या वळलेल्या माना आठवतात. गप्प बसले ते पुढे तीन वर्षं. प्रश्न विचारायलाही हात वर केला नाही. ती शांतता कोणाच्या उपयोगाची होती?

आणि १ एप्रिल २०१० पासून कायद्याच्या कलम १७ नं मारायलाही बंदी आहे आणि घालून-पाडून बोलायलाही. दुसरी गोष्ट लोक सोयीनं विसरतात.

---

निवृत्त गुरुजी | रविवार, सकाळी ६.३०

लिंबाची सावली, तुमचा प्रतिसाद रात्री वाचला आणि झोप लागली नाही. तुमचं खरं आहे. नोकरीच्या बाराव्या वर्षी एका मुलाला मारलं. गृहपाठ केला नव्हता. त्यानं हात पुढे केला तेव्हा तळव्याला फोड दिसले. आदल्या रात्री तो वडिलांबरोबर कांद्याच्या गोण्या भरत होता. पट्टी त्या दिवशी कपाटात ठेवली ती पुन्हा काढली नाही. पण त्याआधीची बारा वर्षं मारलंच होतं, ते काही पुसता येत नाही. काल "बरंच काम व्हायचं" असं लिहायला नको होतं. काम होत नव्हतं, पोरं घाबरत होती.

---

पोकळ भिंत | रविवार, सकाळी ११.२०

मी शिक्षक नाही. इमारतींच्या आवाजाचं काम करतो, म्हणून वेगळ्या बाजूनं लिहितो.

खडूची धूळ, तुमच्या वर्णनात शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि रस्त्यावरच्या खिडक्या आल्या तिथेच अर्धं उत्तर आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिकवणं चालू असताना वर्गातला मागचा आवाज ३५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा, आणि घुमणारा आवाज ०.६ सेकंदात विरावा. गुळगुळीत फरशी आणि कोऱ्या भिंतींच्या खोलीत तो बराच जास्त वेळ घुमत राहतो. म्हणजे तुमचा एक शब्द विरायच्या आत पुढचा त्याच्यावर जाऊन पडतो. मागच्या बाकावरच्या मुलाला पाठ ऐकू येत नाही, नुसता गोंधळ ऐकू येतो. मग तो शेजाऱ्याशी बोलणारच.

दुसरं, गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. एतिएन लोम्बार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये हे दाखवून दिलं. एक चढवतो म्हणून दुसरा चढवतो, दुसऱ्यामुळे तिसरा. बावन्न पोरं आणि एक बाई अशी ती शिडी चढत जाते. तुम्ही ओरडता तेव्हा त्या शिडीवर तुम्हीच वरची पायरी ठेवता. उलटी गंमत अशी की तुम्ही आवाज खाली आणलात तर तीच शिडी उतरायलाही लागते. मात्र त्याला वेळ द्यावा लागतो, दहा-पंधरा सेकंद तरी.

खर्च न करता करण्यासारखं: मागच्या भिंतीवर जुनी जाड चादर किंवा गोणपाट लावा, त्यावर मुलांचे तक्ते टाचा. आणि बाकांच्या पायांना सायकलची जुनी ट्यूब कापून चढवा. फरशीवर बाक ओढल्याचा आवाज हा वर्गातला सगळ्यात वाईट आवाज. तो गेला तरी फरक कळेल.

---

द्राक्षवेल | रविवार, दुपारी १२.०५

ट्यूबची कल्पना भारी आहे! सोमवारी आमच्या मुख्याध्यापकांच्या कानावर घालते.

---

स्वरसाधना | रविवार, दुपारी ३.३०

मी वाचा-उपचाराचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत गायक असतात आणि त्यांच्याहून जास्त शिक्षिका असतात. बाईमाणूस बोलते तेव्हा स्वरतंतू सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात. ओरडताना ते जोरानं आपटतात. पाच तास रोज हे चाललं की तिथे घट्टे पडतात, कुदळ धरणाऱ्याच्या हाताला पडतात तसे. पुढे त्याच्या गाठी होतात.

आवाज बसलेला असताना कुजबुजू नका, त्यानंही ताण येतो. सारखं खाकरू नका, पाण्याचा घोट घ्या. बाटली टेबलावर ठेवा, पिशवीत नको, पिशवीतली संध्याकाळपर्यंत भरलेलीच राहते. फळा पुसताना ओल्या फडक्यानं पुसा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, आवाज भिंतीला जातो. आणि दोन-तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही तर हळद-दुधावर ढकलू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र बघून घ्या. हे मी फार कळकळीनं सांगते, कारण माझ्याकडे बायका दोन-दोन वर्षांनी येतात.

---

सुरगाण्याचा मास्तर | रविवार, रात्री ८.१०

उशिरा लिहितोय, इथे रेंज डोंगरावर चढल्याशिवाय मिळत नाही.

आमची दोन शिक्षकी शाळा. माझ्याकडे पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, जोडीदाराकडे तिसरी-चौथी. वर पत्रा. आषाढात पाऊस सुरू झाला की माझा आवाज पहिल्या ओळीपर्यंतही जात नाही. तेव्हा मी बोलतच नाही. बोटांनी बेरीज, फळ्यावर चित्रं, टाळ्यांनी पाढे. पोरांना ते फार आवडतं. पाऊस थांबला की "गुरुजी, परत हातानं शिकवा" म्हणतात.

पण मला सांगायचं आहे ते पहिल्या वर्षाबद्दल. नवा होतो, बदली होऊन आलो होतो. मी बोलायला लागलो की पोरं आपसात बोलायला लागायची. मी थांबलो की थांबायची. मला वाटायचं मुद्दाम करतात. रोज चिडायचो. दोन महिन्यांनी एका दुपारी दुसरीतल्या एका मुलीच्या मागे जाऊन नुसता उभा राहिलो आणि ऐकलं. मी "झाडाची पानं मोजा" म्हणालो होतो. ती शेजारच्या पहिलीतल्या पोराला तेच कोकणा बोलीत सांगत होती. पान हातात धरून. माझं प्रत्येक वाक्य ती त्याच्यासाठी आपल्या बोलीत फिरवून देत होती, आणि वर्गात अशा चार-पाच जणी होत्या. दोन महिने ज्या आवाजाला मी दंगा म्हणत होतो, त्यावरच माझा वर्ग चालला होता.

तेव्हापासून आवाज झाला की मी आधी ऐकतो. काय चाललंय ते कळलं की मग ठरवतो.

आणि आनंदाचं म्हणाल तर, दिवाळी झाली की इथले आईबाप द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. पोरंही बरोबर जातात. जितकी थांबवता येतील तितकी आजी-आजोबांपाशी थांबवतो, पण नोव्हेंबरात निम्मी खोली रिकामी होते. त्या शांततेत बसवत नाही हो. द्राक्षं उतरून पोरं परत आली आणि पुन्हा कालवा सुरू झाला की मला बरं वाटतं. हाच माझा आनंद.

---

गोदाकाठची | रविवार, रात्री ८.४०

मास्तर, हा प्रतिसाद दोनदा वाचला. आईलाही वाचून दाखवला.

---

सातपूरचे बाबा | रविवार, रात्री ९.३०

पालक म्हणून लिहितो. मुलगी सहावीत. मी अंबडला कंपनीत पाळीत काम करतो. रात्रपाळी असली की दिवसा झोपायचं म्हणून घरी मुलांना सारखं "हळू, हळू" असतं. दोन खोल्यांचं घर. तिला मोठ्यानं बोलायची जागा शाळाच आहे, हे हा धागा वाचताना पहिल्यांदा लक्षात आलं.

गेल्या वर्षी पालकांच्या ग्रुपवर मी "वर्गात शिस्त नाही" असं लिहिलं होतं. बाईंना फोन करून विचारलं नव्हतं. उद्या भेटून बोलतो.

---

तास पहिला | रविवार, रात्री १०.१५

मॉनिटर नेमा. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला सांगा. साधा उपाय.

---

लिंबाची सावली | रविवार, रात्री १०.२५

नको. मॉनिटर होते मी. मैत्रिणींची नावं लिहिली नाहीत म्हणून बाकीच्यांनी बोलणं सोडलं, आणि लिहिली तेव्हा मैत्रिणींनी सोडलं. अकरा वर्षांच्या मुलीला पोलीस करू नका.

---

तास पहिला | रविवार, रात्री १०.५०

बरं, हे पटलं. मग कामं वाटून द्या. आमच्याकडे खडू आणणारा, खिडक्या उघडणारा, वह्या गोळा करणारा, तारीख लिहिणारा असे आठवड्याला बदलणारे मानकरी असतात. सगळ्यात जास्त बोलणाऱ्या मुलाला "घड्याळ बघणारा" केलं. तास संपायला पाच मिनिटं उरली की तो उभा राहतो. आता तो बोलत नाही, घड्याळ बघतो.

---

तांबट आळी | सोमवार, सकाळी ७.००

जरा अवांतर. जुन्या नाशकात शिकवते. आमच्याकडे मुलं "मॅडम" म्हणत नाहीत, "बाई" म्हणतात, आणि मला ते फार आवडतं.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वर्ग घेणं म्हणजे काय असतं ते इथल्यांनाच माहीत. कानामागे रंग, नखांत रंग, आणि तोंडात फक्त रहाड, म्हणजे रंगपंचमीला रंगाच्या पाण्यानं भरतात तो जुना हौद. कोण किती वेळा उडी मारून आलं, कोणाला कोणी ढकललं. गेल्या वर्षी मी धडा मिटून ठेवला. म्हटलं, मला रहाड माहीत नाही असं समजा, मी मुंबईहून आज आलेय, मला सांगा. चाळीस जण एकदम बोलले. म्हटलं, एकेकानं, मला लिहून घ्यायचंय. मी खरोखर वही उघडली आणि लिहायला बसले. एकजण सांगतो, रहाड वर्षभर लाकडं आणि माती टाकून बुजवलेली असते. दुसरा म्हणतो, आधी पूजा, मग उडी. तिसरी म्हणते, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. एक चुकला की दहा जण दुरुस्त करतात. पस्तीस मिनिटं बोलले, आणि एकजणही विषय सोडून बोलला नाही. नंतर तेच निबंधात आलं. वर्षभरातले सगळ्यात चांगले निबंध.

त्यांच्याजवळ सांगण्यासारखं असतं तेव्हा ती सांगणारच. ते आपण ऐकून घेतलं की मग आपलंही ऐकतात, असा माझा तरी अनुभव आहे.

---

डी.एड.ची वही | सोमवार, रात्री ९.२०

अभ्यासक्रमात वाचलेलं आणि अजून उपयोगी पडणारं एक लिहिते. जेकब कूनिन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. कॉलेजात शिकवताना एक विद्यार्थी वर्तमानपत्र वाचताना दिसला म्हणून त्यांनी त्याला दटावलं, आणि ज्यांना काहीच म्हटलं नव्हतं तेही सावरून बसले. त्यावरून ते या विषयात शिरले. पुढे वर्गांचं चित्रीकरण करून अभ्यास केला, १९७० मध्ये पुस्तक आलं. निष्कर्ष असा की दंगा झाल्यावर बाई काय करतात यानं फारसा फरक पडत नाही. दंगा व्हायच्या आधी काय करतात यानं पडतो. आपलं लक्ष सगळीकडे आहे हे मुलांना जाणवणं, एका कामातून दुसऱ्यात न अडखळता जाणं, आणि एकाला प्रश्न विचारताना बाकीच्यांनाही गुंतवून ठेवणं.

गुरुजींनी फळ्यावरचं कोडं सांगितलं ते हेच की. त्यांनी ते पुस्तक न वाचता केलं.

अजून एक. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-अभ्यासक बाईंनी वर्गांत मोजून पाहिलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. करून बघा. तीन सेकंद फार मोठे वाटतात.

---

निवृत्त गुरुजी | मंगळवार, सकाळी ६.१५

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. आनंद मिळाला का? मिळाला. पण रोज नाही. महिन्यातले वीस दिवस थकून घरी आलो. कधी जनगणना, कधी निवडणूक, कधी रकान्यांचे कागद. मिळाला तो असा, की एखादं पोर महिनाभर भागाकारात अडलेलं असायचं आणि एके दिवशी उत्तर आल्यावर पाटीवरून मान वर करून माझ्याकडे बघायचं. बोलायचं नाही काही. तेवढ्या बघण्यावर मी पुढचा महिना काढायचो.

---

खडूची धूळ | तीन आठवड्यांनंतर, शुक्रवार, रात्री ९.१५

मंडळी, उशीर झाला, माफ करा. सगळं वाचलं, काही प्रतिसाद छापून स्टाफरूममध्ये वाचायला दिले.

आधी घसा. स्वरसाधना यांचं ऐकून तपासून आले. गाठी नाहीत, सूज होती. आठवडाभर कमी बोलायला सांगितलं. शिक्षिकेला कमी बोल म्हणजे कसं, असं वाटलं होतं, पण त्या आठवड्यानंच मला सगळ्यात जास्त शिकवलं. फळ्यावर लिहून ठेवलं, "आज बाईंचा आवाज सुट्टीवर आहे. इतिहासाचा तास तुम्ही घ्यायचा आहे." गट केले, प्रत्येक गटाला एकेक परिच्छेद. आवाज झाला, भरपूर झाला. मी सुरगाण्याच्या मास्तरांसारखी बाकांमधून नुसती फिरत ऐकत राहिले. सगळ्यात मोठा आवाज खिडकीपाशी होता. तिथे दोघं भांडत होते, महाराज आग्र्याहून निघाले तेव्हा वाटेत नाशिक लागलं असेल का, यावरून. मी गेल्या महिन्यात यांना बाहेर उभं केलं असतं.

सगळं सुधारलं असं नाही. पाचवा तास अजून अवघडच जातो. बुधवारी पुन्हा ओरडले. ५८ चे ३५ काही झाले नाहीत. शेजारच्या बाईंशी मात्र बोलले, त्या कशा उभ्या राहतात ते विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, मी ती मुलं पाचवीत शिकवली आहेत. दोन वर्षं नावानिशी ओळखते. तुझं हे पहिलंच वर्ष आहे." मला फार धीर आला.

आता बाकांचं. वर्गात विचारलं, जुनी ट्यूब कोणाकडे मिळेल? मागच्या बाकावर एक मुलगा आहे, जूनपासून माझ्याशी चार वाक्यंही बोललेला नाही. तो उभा राहिला. वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे म्हणाला. दुसऱ्या दिवशी खांद्यावर ट्यूबांचं वेटोळं घेऊन आला, पहिलवानासारखी छाती काढून. कापायचं कसं तेही त्यानंच दाखवलं. "बाई, सरळ नाही, थोडी तिरकी कापायची, मग घट्ट बसते." वर्ग त्याच्याभोवती गोळा झाला. शनिवारी परिपाठानंतर दोन तास लागले. बाक उलटे करून, एकजण पाय धरतोय, एकजण ट्यूब ताणतोय, मुलींनी पावडर आणली होती, ती लावली की सरकते. बावीस बाकांना अठ्ठ्याऐंशी तुकडे. त्यानं प्रत्येक तुकडा अंगठ्यानं दाबून तपासला.

सोमवारी सगळे उठले तेव्हा फरशीवर करकर झाली नाही. वर्गात कोणालाच विश्वास बसेना, म्हणून सगळे पुन्हा बसले आणि पुन्हा उठले. मीही हसले. मग एकदम शांत झालं, आणि बाहेर रस्त्यावरचा भाजीवाला ऐकू आला, "मेथीऽऽ, कोथिंबीऽऽर".

मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आता ह्याला पण ट्यूब लावायची का?"

पाचवं वाक्य होतं त्याचं.

---

सुरगाण्याचा मास्तर | शनिवार, पहाटे ५.५०

बाई, तो ट्यूब तिरकी कापायचा प्रकार नीट लिहून पाठवा. आमच्याकडे बाक नाहीत, पण चौथीच्या वर्गात टेबल आहे एक. ते फार किंचाळतं.